मांडीखालचे हात

आमच्या घरातलं कुणीही दुसऱ्याच्या गाडीत सुखानं बसत नाही. दादाचं तर विचारूच नका. माझा हा थोरला भाऊ उभं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूल चालवत आला. शिकवायच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपाशीही ब्रेक आणि क्लच असतात. त्या सीटवर बसून बसून दादाचा उजवा पाय असा तयार झालाय की बस असो, टॅक्सी असो, समोर काही आडवं आलं की तो पाय आपोआप जमीन दाबतो. टॅक्सीवाल्याचं लक्ष गेलं तर तो बिचारा ओशाळतो, नाहीतर चिडतो. प्रवासात दादाला साधी डुलकी लागलेली मी पाहिली नाही. लांबच्या प्रवासात सगळी बस घोरत असताना हा गृहस्थ टक्क जागा, आणि उतरताना ड्रायव्हरला सांगणार, "वळणावर गिअर जरा आधी बदलत जा."

त्याच स्कूलमध्ये मी नियमांचा वर्ग घेते. रस्त्यावरची चिन्हं, कुणाला आधी जाऊ द्यायचं, कुठे थांबायचं. मोठमोठ्या माणसांचे बावळट प्रश्न ऐकून ऐकून माझा स्वभाव तापट झाला, असं माझं म्हणणं आहे. तो आधीपासूनच तसा होता, असं दादाचं म्हणणं आहे. ते जाऊ दे. मला सांगायचंय दादाच्या लेकीबद्दल, माझ्या भाचीबद्दल. तिचं तोंडभर कौतुक मी तिच्यासमोर कधी केलेलं नाही आणि करणारही नाही, म्हणून इथे करून घेते.

तिला सगळे 'आरसा' म्हणतात. वहिनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामावर, तिच्या पाळ्या बदलत्या, म्हणून ही पोर लहानपणी शिकवायच्या गाडीच्या मागच्या सीटवरच वाढली. 'आरसा, सिग्नल, मग वळण' हे ती बडबडगीतासारखं शिकली. एकदा एक बँकेतले साहेब मागे न बघताच वळायला निघाले, तर मागून बारीक आवाज आला, "काका, आरसा नाही बघितलात." साहेब इतके दचकले की गाडी फुटपाथवर चढवली. तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त शाळेच्या पटावर राहिलं.

कायद्यानं परवानगी मिळाल्याबरोबर ती स्वतः शिकवायला लागली. दुसरीकडून रडत आलेले लोक हिच्याकडे येत. ती कधी आवाज चढवायची नाही, पण एका बाबतीत अगदी हट्टी. आमच्या धंद्यात एक सोयीची खोड आहे. शिकणाऱ्याचा क्लच चुकतो, गाडी बंद पडणार असं दिसतं, तेव्हा शिकवणारा आपल्या बाजूचा क्लच हळूच दाबतो आणि वर म्हणतो, "वा, छान जमलं." समोरचा खूश, गाडी चालू, शिकवणाराही निवांत. दादा हे सर्रास करायचा, आळसानं नव्हे तर मायेनं. कुणी भर रस्त्यात घाबरलेलं त्याला बघवत नाही. आरसा हे मरून गेली तरी करायची नाही. गाडी बंद पडली तर पडू दे, मागचे हॉर्न वाजवतायत तर वाजवू देत, ती शांतपणे म्हणणार, "पुन्हा चालू करा." यावरून बापलेकीत नेहमी वाजायचं.

"बाबा, शिकतायत ते तुझे पाय," ती म्हणायची. "त्याचे नाही."

"लोक शिकायला येतात, अपमान करून घ्यायला नाही," दादा म्हणायचा. आणि दोघंही आपापल्या गाडीत बसून आपापल्या पद्धतीनं शिकवायचे.

एक दिवस संध्याकाळी ऑफिस बंद करताना तिनं गाड्यांच्या किल्ल्या खिळ्यांना अडकवल्या आणि म्हणाली, "मला विमान चालवायचंय. प्रवासी विमान. विद्यापीठात त्याची पदवी असते, मी अर्ज करणार आहे."

दादानं हातातलं पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, "उडायचं वेड असेल तर कुठल्याशा फ्लाइंग क्लबात नाव घाल. त्याला पदवी कशाला? ढगांना प्रमाणपत्र दाखवायचंय का?"

तिनं हे सगळं आधीच पक्कं केलं होतं. ती म्हणाली, "क्लबमध्ये उडायला शिकवतात, आत्या, आणि परवानाही मिळतो. पण मला हवामान, इंजिन, माणसाच्या हातून चूक का होते, हे सगळं नीट शिकायचंय. आणि उद्या कान बिघडला, डोळा बिघडला, तर वैमानिकाची नोकरी एका दिवसात जाते. पदवी असेल तर त्याच क्षेत्रात दुसरं काहीतरी करता येईल."

वहिनी तेवढ्यात ड्यूटीवरून आली होती. तिनं चप्पल काढता काढता एवढंच म्हटलं, "आधी वैद्यकीय तपासणी करून घे. मग स्वप्नं." घरात खरी व्यवहारी बाई तीच. तपासणी झाली, डोळे, कान, हृदय सगळं ठणठणीत निघालं, आणि मग आमची विद्यापीठं बघायची यात्रा सुरू झाली. आमची म्हणजे तिची आणि माझी. पिशवी धरायला आणि अवघड प्रश्न विचारायला कुणीतरी हवं, असं मीच ठरवलं होतं.

बघता बघता दोन ठिकाणं उरली. पहिलं एकदम झोकदार. काचेची इमारत, दारातच सिम्युलेटर, भिंतीवर मोठ्या विमान कंपनीचा बोर्ड, पहिल्याच दिवशी मुलांना खांद्यावर पट्ट्या असलेला वैमानिकाचा गणवेश. माहिती द्यायला व्यासपीठावर बसलेल्या गृहस्थांना आरसानं विचारलं, "मध्येच सोडून जाणाऱ्या मुलांचं पुढे काय होतं? त्यांना काही पदवी मिळते का?" गृहस्थ हसून म्हणाले, "आमची मुलं सोडून जात नाहीत." माझ्या कपाळावर तिथेच आठी पडली. आमच्या स्कूलच्या दारातही एक नवी कोरी गाडी उभी असते. ती रोज धुतो, पुसतो, आणि शिकवायला कधीच काढत नाही. त्यामुळे अशा गोष्टी मला लगेच दिसतात.

तरी तिथली फेरी मोठी छान झाली. येणाऱ्या मुलांना तिथे प्रशिक्षकाबरोबर छोट्या विमानातून एक चक्कर देतात. मी जाळीबाहेर उभी होते. विमान जमिनीवरच्या पिवळ्या रेघेवरून जराही न ढळता गेलं, उडालं, उतरलं. प्रशिक्षक उतरल्याबरोबर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय हात आहे हिचा. जन्मजात वैमानिक." तिच्या शर्टाला एक बिल्ला लावला. थोड्याच दिवसांत प्रवेशाचं पत्रही आलं. दादानं बिल्ल्यासकट तिचा फोटो ऑफिसात लावला, आणि शिकाऊ परवान्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून तो दाखवायला लागला.

फक्त आरसा गप्प होती. मला ते खटकलं. एकदा सरावाच्या मैदानावर गाडी उभी करून तिला म्हटलं, "काय बिनसलंय? तोंडात गुळणी धरल्यासारखी का गप्प?"

"आत्या, त्या दिवशी माझ्या पायाखालची पेडलं हलत होती," ती म्हणाली. "मी दाबत नव्हते."

मला काही बोध होईना. मग तिनं समजावलं. छोट्या विमानात समोर मोटारीच्या स्टेअरिंगसारखं हँडल असतं. पण ते हवेत उपयोगाचं. जमिनीवर चालताना विमान हातानं वळत नाही, पायानं वळतं. डावा पाय दाबला की डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे. "मला हे माहीत होतं, वाचलं होतं," ती म्हणाली. "पण पिवळी रेघ वळली आणि माझे हात आपले वळले. मी स्टेअरिंग फिरवत राहिले. विमान पायानं नेत होता तो प्रशिक्षक, त्याच्या बाजूच्या पेडलांवरून. आणि मग म्हणाला, काय हात आहे."

मी म्हटलं, "पाहुणी होतीस. एका दिवसाच्या पाहुणीचा पाणउतारा कोण करेल? चांगला माणूस आहे तो."

"चांगलाच आहे. बाबासारखाच चांगला आहे," ती म्हणाली. "पण असा माणूस पाय कधी काढून घेतो, ते कळत नाही."

दुसरं विद्यापीठ गावाबाहेर होतं. विमानं ठेवायचं पत्र्याचं हँगर, आत रंग उडालेली विमानं, करकरणारी बाकं, आणि कँटीनचा चहा असा की मी तो झाडाला घातला. तिथल्या प्रशिक्षिका पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. मुलं त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. कितीतरी जण त्यांच्या हाताखाली शिकून एअरलाइनमध्ये गेले, बाई मात्र तिथेच राहिल्या होत्या. त्यांनी मलाही मागच्या सीटवर बसवलं. "बोलू नका," एवढंच बजावलं. मला असं सांगणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं.

विमान सुरू झालं. पिवळी रेघ डावीकडे वळली, आरसाचे हात डावीकडे वळले, आणि विमान आपलं सरळ गवताकडे निघालं. बाई काही करेनात. माझा उजवा पाय खाली पत्रा दाबत होता. चाक गवताच्या कडेला लागलं तेव्हा बाईंनी ब्रेक लावला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"हात," आरसा म्हणाली.

"हात मांडीखाली ठेव."

पुढचा सगळा वेळ आम्ही जमिनीवरच फिरलो. आरसा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली, विमान दारू प्यायल्यासारखं रेघेच्या या बाजूला, त्या बाजूला. आभाळ नुसतं खिडकीतून बघितलं. उतरल्यावर बाईंनी विचारलं, "काय करतेस?" ड्रायव्हिंग शिकवते म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "मग तुला जड जाईल. ज्यानं कधी गाडी चालवली नाही, तो हे पटकन शिकतो. तुझ्या हातांना आधी विसरावं लागेल. आमच्या निवड चाचणीत नेमकं हेच बघतात. मी शब्द देऊ शकत नाही."

परतताना मी चिडचिड केली. आरसा मात्र कितीतरी दिवसांनी हसत होती.

आता खरी अडचण सांगते. काचेच्या इमारतीला होकार कळवायची मुदत बाईंच्या चाचणीच्या आधी संपत होती. नाकारलेली जागा पुन्हा मिळणार नाही, हे पत्रात स्पष्ट लिहिलेलं. बाकी ठिकाणचे अर्ज बंद झालेले. म्हणजे ही जागा सोडायची आणि तिकडे नापास झालं, तर दोन्हीकडून हात हलवत परत यायचं. जेवणाच्या टेबलावर दादा पहिल्यांदाच तिच्यावर चिडला.

"हातात आलेलं सोडतेस? तेही एवढ्याशा पेडलवरून? अगं, तो जपत होता तुला."

"बाबा, तूही सगळ्यांना जपलंस," ती खालच्या आवाजात म्हणाली. "आणि परीक्षेच्या दिवशी ते सिग्नलला बंद पडले. माझ्या मागे तर शेदीडशे माणसं बसलेली असणार."

दादा ताटावरून उठला. मी तिला झापायला तोंड उघडलं होतं, पण वहिनीनं माझ्याकडे असं बघितलं की मी ते भातानं भरलं. दुसऱ्या दिवशी आरसानं नकार कळवला आणि आपला फोटो ऑफिसच्या भिंतीवरून स्वतःच्या हातानं काढला. एवढी हिंमत माझ्यात नाही. मी त्या बिल्ल्यासाठी जन्मभर तिथे राहिले असते.

त्या दिवसापासून तिनं गाडी चालवणं बंद केलं. हातांना विसरायला लावायचं म्हणून सगळीकडे पायी. तिच्या वाटणीची शिकवणी दादावर पडली. दादा तिच्याशी बोलत नव्हता. पण संध्याकाळी मागच्या शेडमधून ठोकाठोकीचा आवाज यायला लागला.

एका सकाळी त्यानं मैदानावर एक वस्तू ढकलत आणली. गॅरेजमधली फळीची ट्रॉली, तिच्यावर भंगारातल्या मोटारीची सीट, पुढे एक फिरतं चाक आणि शिकवायच्या जुन्या गाडीतून काढलेली, तारांनी त्या चाकाला जोडलेली दोन पेडलं. मैदानावर त्यानं वेडीवाकडी पिवळी रेघ मारून ठेवली होती. आरसा सीटवर बसली, हात मांडीखाली घातले, आणि दादा मागून ढकलायला लागला. तिनं डावा पाय दाबला, ट्रॉली उजवीकडे गेली.

"उलटं आहे," ती म्हणाली.

दादानं डोकं खाजवलं, ट्रॉली परत शेडमध्ये नेली आणि तारा उलटसुलट जोडून आणल्या. मग रोज सकाळी तो कार्यक्रम. पन्नाशी उलटलेला बाप घामाघूम होऊन ढकलतोय, वाढलेली लेक हात दाबून बसलीय, आणि गाडी शिकायला आलेले लोक रांगेत उभे राहून बघतायत. एका शहाण्यानं मला विचारलं, हा कोर्स वेगळा घ्यावा लागतो का. त्याला मी वर्गात चिन्हांवरून असा पिळला की पुन्हा काही विचारलं नाही.

दादानं ट्रॉलीच्या मागच्या बाजूला एक दोर बांधला होता. ट्रॉली रेघ सोडायला लागली की तो हळूच दोर ओढायचा आणि ट्रॉली पुन्हा रेघेवर. आरसा ते ओळखून होती, पण काही दिवस बोलली नाही. मग एकदा मैदानाच्या उताराच्या वरच्या टोकाला ट्रॉलीत बसून, मागे न बघता म्हणाली, "दोर सोड, बाबा."

मैदानाच्या खालच्या अंगाला जुन्या टायरांचा ढीग आहे. दादानं तिकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दोर सोडला. ट्रॉली निघाली. पहिलं वळण जमलं. दुसऱ्या वळणाला तिचा हात मांडीखालून सुटला, तिनं नसलेलं स्टेअरिंग धरलं, आणि ट्रॉली टायरांत घुसली. मी धावले. दादा जागचा हलला नाही. त्यानं आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. टायरांतून आवाज आला, "मी ठीक आहे. पुन्हा." त्या क्षणी मला माझ्या भावाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता.

चाचणीत ती काही चमकली वगैरे नाही. बाईंनी निकाल सांगितला तो असा: "हात अजून येतात. पण ते येतायत हे तुला आधी कळतं. चालेल." ते 'चालेल' ऐकून दादा पार्किंगमध्ये जाऊन रडला.

पदवीची वर्षं सोपी गेली नाहीत. हवामानाच्या एका पेपरात ती आपटली, पुन्हा बसली. बाईंनी तिला कधी 'छान' म्हटलं असेल तर मला ठाऊक नाही. ज्या दिवशी तिनं पहिल्यांदा एकटीनं विमान उडवून उतरवलं, त्या दिवशी तिनं दादाला फोन केला आणि म्हणाली, "बाबा, शेजारची सीट रिकामी होती." दादानं "बरं" म्हणून फोन ठेवला आणि त्या दिवशी आलेल्या सगळ्या शिकाऊ मंडळींच्या गाड्या खुशाल बंद पडू दिल्या.

पुढे ती एअरलाइनमध्ये सहवैमानिक झाली. तेव्हा तिनं हसत हसत सांगितलं की मोठ्या विमानात जमिनीवर वळण्यासाठी हाताशी एक छोटं चाक असतं, ते बहुधा कॅप्टनच्या ताब्यात. माझं डोकंच फिरलं. "मग ती ट्रॉली, ते टायर, ते सगळं कशाला?" ती म्हणाली, "आत्या, ते जुन्या सवयीतून हात मोकळे करायला." मला ते तेव्हा अर्धंच पटलं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं तिच्या विमानात बसलो. वहिनी खिडकीशी, दादा मधे, मी कडेला. स्पीकरवर तिचा आवाज आला. नाव सांगितलं तेव्हा ते कुणाचं, हे मला क्षणभर कळलंच नाही. आम्ही पट्टे आवळले. विमान निघालं तसा मी दादाच्या उजव्या पायाकडे डोळा ठेवला, आता हा पत्रा दाबणार म्हणून. त्याला चिडवायचं वाक्यही तयार ठेवलं होतं.

पाय हललाच नाही. वर ढगांत विमान हादरायला लागलं, पुढच्या बाईनं खुर्चीचा हात धरला, तरी पाय तसाच. म्हणून मी मान वर करून बघितलं. दादाचं डोकं वहिनीच्या खांद्यावर पडलेलं, तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. झोपला होता. माझा भाऊ, दुसरं कुणी चालवत असताना, ढाराढूर झोपला होता.

वहिनीनं ओठांवर बोट ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते आणि माझेही आले. विमान उतरायला लागलं, जमीन भराभर वर यायला लागली, चाकं टेकली, तेव्हा एक पाय मात्र खालचा पत्रा जिवाच्या आकांतानं दाबत होता. तो माझा होता. विमान थांबल्यावर दादानं डोळे उघडले आणि विचारलं, "पोचलो का?"

"कधीच," मी म्हटलं, आणि त्याचा चष्मा नीट केला.